काळी, पांढरी आणि तापी

नशिराबादला आमच्या घराचं धाबं दरवर्षी मिरगाआधी नीट करावं लागे. आजोबा बैलगाडी जुंपत आणि जुन्या पांढरीवरून माती आणत. भुरकट, मुठीत धरली की राखेसारखी निसटणारी. ती अंथरून चोपली की धाबं गळत नसे. मातीत एखादं खापर निघायचं, कधी हाडाचा तुकडा. तो भिरकावून काम पुढे चाले. आपण कुणाचं तरी पडलेलं घर आपल्या घरावर घालतोय, हे कुणाच्या मनातही येत नसे.

गाव म्हणजे पांढरी, शेत म्हणजे काळी. चुलीची राख, शेणकूर, ढासळलेल्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या साचल्या की वस्तीची माती पांढुरकी होते. पुरातत्त्वाचे लोक खेड्यात आले की आधी तीच शोधतात.

नदीकाठची संस्कृती म्हटलं की आपल्याला नाईल आठवते आणि मोहेंजोदडोच्या विटा. तापीला त्या काळचं शहर नाही, म्हणून ती चटकन आठवत नाही. शहर म्हणजेच संस्कृती, हे समीकरण मला कधी पटलं नाही.

सिंधूकाठची शहरं भरात होती, त्या काळाच्या उत्तरार्धात, इ.स.पू. 2200च्या सुमारास खानदेशात शेतकऱ्यांची गावं होती. मडक्यांवर बाण नि मासे रंगवणाऱ्या या लोकांच्या संस्कृतीला तापीकाठच्या सावळद्याचं नाव मिळालं. साक्री तालुक्यातल्या कावठ्याला डेक्कन कॉलेजने खणलं, तेव्हा जमिनीत खड्डा करून वर छप्पर घातलेल्या घरांच्या खुणा मिळाल्या. गिरणेकाठचं बहाळ, तापी-गोमाई संगमावरचं प्रकाशे ही 1950च्या दशकात खणलेली ठिकाणंही याच ताम्रपाषाण दुनियेतली.

मग शहर का झालं नाही? मला वाटतं, उत्तर तापीच्या दरडीत आहे. नाईलचा पूर दरवर्षी शेतावर गाळ पसरून जायचा. आमची तापी खोल वाहते. पाणी खाली, शेत वर. उलट काळी माती पावसाची ओल महिनोन्‌महिने धरून ठेवते. हजारो माणसं कामाला लावणारा कालवा लागत नव्हता, मग तो खोदून घेणारा राजा तरी कशाला?

मात्र लहान गावात सगळे सारखे होते, असं समजण्याचं कारण नाही. ताम्रपाषाण काळातल्याच, घोड नदीकाठच्या इनामगावला पाण्यासाठी पाट नि बांध होता, आणि गावप्रमुखाच्या मानलेल्या घराला लागूनच धान्याचं कोठार. कोठार कुणाच्या दारात, हा प्रश्न तेव्हाही होता. पुढे इ.स.पू. 1000 नंतर तिथली ऐसपैस चौकोनी घरं गेली, गोल झोपड्या आल्या, शेतीपेक्षा शेळ्यामेंढ्यांवर भिस्त वाढली. पाऊस घटला असावा, असं धवळीकरांसारख्या पुरातत्त्व अभ्यासकांचं मत.

पाणी राजाविना वाटता येतं, याचा पुरावा मात्र आमच्याकडे फार मागे शोधावा लागत नाही. शे-दीडशे वर्षांपूर्वीही असं वाटप चालत होतं. पांझरा नदीवरची फड बागायत पाहा. बंधाऱ्यातून पाट निघे, शेतं फडांत विभागलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी पाटकरी सोडणार, राखण जागल्या करणार, दोघांना धान्य गावाने द्यायचं. पाणी कमी आलं तर कुठला फड कोरडा ठेवायचा, हेही सगळे मिळून ठरवत. सावळद्याच्या लोकांनी असंच केलं, असा माझा दावा नाही. पण या मुलखाला ही रीत परकी नव्हती, एवढं खरं.

आमच्या घराचं धाबं गेलं, स्लॅब आला. पांढरीची माती अजून जाते. आता ट्रॅक्टरने, केळीच्या शेतात, खत म्हणून.