नांवाचा धनी कोण?

मृत माणसाची मालमत्ता कोणाकडे जावयाची हें कायद्यानें ठरलेलें आहे. पण मृत समाजाचें नांव कोणाकडे जातें? हा प्रश्न वरवर पाहतां पंडितांच्या रिकामपणाचा वाटेल. तथापि इंग्लंडच्या प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकांत गेलीं कांहीं वर्षें याच प्रश्नावरून जी फूट पडली आहे, ती पाहिली म्हणजे त्यांत पांडित्यापेक्षां नीतीचाच भाग अधिक आहे अशी खात्री पटते.

वाद ‘अँग्लो-सॅक्सन’ या शब्दाचा आहे. रोमन सत्ता ब्रिटनमधून गेल्यानंतर, म्हणजे पांचव्या शतकापासून, जर्मनी व डेन्मार्क यांच्या किनाऱ्यांवरून जे लोक त्या बेटांत येऊन राहिले, त्यांना व त्यांच्या भाषेला १०६६ च्या नॉर्मन विजयापर्यंत हें नांव देण्याचा प्रघात पडला. आपल्या कानाला मात्र या जोडशब्दाचा अर्थ थोडा वांकडाच लागतो. ‘अँग्लो-मराठा युद्ध’ म्हटलें कीं दोन पक्ष, ‘अँग्लो-इंडियन’ म्हटलें कीं दोन वंश, अशी आपली संवय. तेव्हां हेंहि अँगल आणि सॅक्सन यांचें मिश्रण असावें असें वाटतें. मूळ हेतु निराळा दिसतो. आठव्या शतकांतील पॉल द डीकन याच्या लॅटिन ग्रंथांत हा जोड येतो, तो बेटांतले सॅक्सन युरोपांत राहिलेल्या सॅक्सनांहून वेगळे दाखविण्यापुरता.

मग ते लोक स्वतःला काय म्हणत? ७३१ मध्यें आपला इतिहासग्रंथ पुरा करणारा साधु बीड हा अँगल, सॅक्सन व ज्यूट अशीं तीन कुळें सांगतो, आणि सर्वांना मिळून अँगलांचेंच नांव देतो. आल्फ्रेड राजा आपल्या भाषेला ‘इंग्लिश’ म्हणतो. परंतु तोच आल्फ्रेड सनदांतून ‘अँग्लो-सॅक्सनांचा राजा’ ही पदवी धारण करतो, आणि ८९३ मध्यें त्याचें चरित्र लिहिणारा ॲसर हाहि तीच वापरतो. शेजाऱ्यांचा न्याय आणखी तिसरा. वेल्श लोक सर्व इंग्रजांना आजहि सॅक्सनच म्हणतात. उलट इंग्रजांनीं त्यांना दिलेल्या ‘वेल्श’ या नांवाचें मूळ ‘परका’ असें आहे. त्यांच्याच भूमींत ते परके! आपला ‘इंग्रज’ हा शब्दहि पोर्तुगीजांच्या तोंडून आला. तो घेतांना आपण कोणा इंग्रजाची संमति विचारली नव्हती.

येथवर हा कोशकारांचा वाद होता. त्यांत विष कालवलें गेलें तें पुढें. १७७६ मध्यें अमेरिकेच्या राजमुद्रेचा विचार चालला असतां जेफर्सननें हेंगिस्ट व हॉर्सा या दंतकथेंतील सॅक्सन वीरांचीं चित्रें सुचविलीं; त्याच्या मतें नव्या प्रजासत्ताकाचें स्वातंत्र्य त्यांच्याकडून आलेलें होतें. (गुलाम बाळगणाऱ्या गृहस्थानें स्वातंत्र्याची वंशावळ शोधावी, हा योग चिंतनीय आहे.) एकोणिसाव्या शतकांत हा शब्द भाषेचा न राहतां रक्ताचा झाला. १९२२ मध्यें व्हर्जिनियांत ‘अँग्लो-सॅक्सन क्लब’ स्थापन झाले, आणि त्यांच्या खटपटीनें १९२४ मध्यें गोऱ्यांना इतर वर्णीयांशीं विवाह करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. तो १९६७ पर्यंत टिकला.

या आठवणी ताज्या असल्यामुळेंच १९८३ मध्यें स्थापन झालेल्या या विषयाच्या आंतरराष्ट्रीय विद्वत्संस्थेनें २०१९ मध्यें सभासदांच्या मतानें आपल्या नांवांतून हा शब्द काढून टाकला. ब्रिटनमधील पुष्कळ विद्वान् यावर रुष्ट झाले. आमच्याकडे हा शब्द शाळेच्या पुस्तकांतला व पदार्थसंग्रहालयांतला. अमेरिकेच्या पापासाठीं आम्हीं प्रायश्चित्त कां घ्यावें, असा त्यांचा सवाल.

माझ्या मतें येथें दोन गोष्टींची गल्लत होते. नांव हें पुरावा असतें, तसें तें पाटीहि असतें. आल्फ्रेडच्या सनदेंतील पदवी हा पुरावा आहे. वेसेक्स व मर्सिया येथील लोक एका छत्राखालीं येत होते त्याची ती खूण. ९२७ नंतर त्याचा नातू ॲथेल्स्टन ‘इंग्लिशांचा राजा’ म्हणवूं लागला, त्यांतील फरक तिच्यावांचून कळावयाचा नाहीं. ती पुसण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. पण संस्थेच्या दारावरची पाटी आल्फ्रेडसाठीं लावलेली नसते. ती आंत येणाऱ्या जिवंत माणसासाठीं असते. त्या नांवाच्या मंडळींनीं घडवून आणलेल्या कायद्यानें ज्याच्या आजाआजींना विवाह नाकारला, असा विद्यार्थी ती वाचून उंबऱ्यावरच थबकला, तर त्याला शब्दाची व्युत्पत्ति सांगत बसणें मला शोभादायक वाटत नाहीं.

यावर एक आक्षेप खरोखर बिकट आहे. दुर्जनांनीं हात लावला म्हणून शब्द टाकावयाचा, तर शब्दकोशाची मालकी त्यांच्याकडेच जाईल! याचें उत्तर सरसकट देतां येत नाहीं. अधिक खरा शब्द हाताशीं आहे कीं नाहीं हें प्रत्येक वेळीं पाहिलें पाहिजे. भाषेपुरता तो आहे, कारण बोलणारेच तिला इंग्लिश म्हणत. लोकांविषयीं तितकें सोपें नाहीं. ‘प्रारंभीच्या मध्ययुगांतील इंग्लंड’ म्हटल्यानें ब्रिटन व डेन यांनाही इतिहासांत जागा मिळते हें खरें. पण सातव्या शतकांत इंग्लंड नांवाचें राज्यच कोठें होतें?

आणि जें नांव आज सोवळें ठरलें आहे त्याची कुळकथा तरी कोठें स्वच्छ आहे? ‘सॅक्सन’ सोडून ‘इंग्लिश’च म्हणा, असा आग्रह धरणाऱ्यांत एकोणिसाव्या शतकांतील इतिहासकार फ्रीमन अग्रभागीं होता. आपले पूर्वज कोणी निराळे लोक नसून १०६६ च्या आधींपासून राष्ट्र एकच अखंड आहे, हें त्याला ठसवावयाचें होतें. आणि हा गृहस्थ ट्यूटन वंशाच्या थोरवीचा पक्का अभिमानी! भाषाशास्त्रज्ञ हेन्री स्वीट यानेंही १८७१ मध्यें ‘अँग्लो-सॅक्सन’ हें नांव निरर्थक म्हणून झिडकारलें. पांचच वर्षांनीं, १८७६ मध्यें, विद्यार्थ्यांसाठीं त्यानें जें वाचनपुस्तक काढलें त्याच्या मुखपृष्ठावर ‘अँग्लो-सॅक्सन’ हेंच नांव होतें, आणि त्याच नांवानें तें पुढें पिढ्यान्‌पिढ्या खपलें.