टेकू काढण्याची घाई

भाविक वारकरी सज्जनहो, कीर्तनात आम्ही पाया आणि कळस हे शब्द इतक्या वेळा उच्चारतो, की पाया म्हणजे काय हे खड्ड्यात उतरून पाहावे असे आम्हांस कधी वाटतच नाही. मलाही वाटले नव्हते. साठी उलटल्यावर जुने मातीचे घर उतरवून त्या जागी सिमेंटचे घर बांधायला काढले, आणि पाठशाळेत गुरुजींपुढे बसून जे शिकलो होतो, तेच एका गवंड्याने मला पुन्हा शिकविले. त्या शिकवणीत माझी चूकही आहे. ती झाकून ठेवली तर ह्या निरूपणाला अर्थ काय?

आमचे रान काळ्या मातीचे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा टाकते. जिला स्वतःला स्थैर्य नाही, ती घराला काय स्थैर्य देणार? मिस्त्रीने खणायला सुरुवात केली. तीन फूट झाले, चार झाले. मी काठावरून विचारले, “पुरे नाही का रे?” तो म्हणाला, “महाराज, आपण दमलो म्हणून थांबायचं नसतं. कठीण लागलं म्हणजे थांबायचं.” सहा फुटांवर पिवळा मुरूम लागला, तेव्हा कुठे पहार थांबली. तळाशी खडी-सिमेंटचा थर, त्यावर सळयांची जाळी, जाळीखाली दोन इंचांची जागा. लोखंड मातीला टेकले तर गंजते, म्हणून ही जागा सोडावयाची. मग काँक्रीट, आणि त्यावर पुन्हा माती. एवढा खर्च, एवढे कष्ट, आणि दिसायला काही नाही! साधनेचेही असेच आहे.

पुढे ज्येष्ठात स्लॅब पडला. त्या दिवशी एक मौज पाहिली. माल कालवताना मिस्त्री पाण्याला मोठा कृपण. एका पोत्याला, म्हणजे 50 किलो सिमेंटला, 30 लिटरच्या वर थेंब घालू देईना. मजूर म्हणत, “थोडं पातळ करा, घमेलं हलकं जाईल.” तो ऐकेना. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक छिद्रे राहतात, माल कमजोर होतो. पण दुसऱ्या दिवशी हाच कृपण कर्णासारखा उदार झाला! स्लॅबवर मातीची आळी बांधली आणि सांगितले, आता हे तळे आटू द्यायचे नाही.

मला वाटत होते, काँक्रीट वाळून घट्ट होते. तसे नाही हो! सिमेंट वाळून नव्हे, तर पाण्याशी एकजीव होऊन घट्ट होते. पाणी तुटले की ते घट्ट होणेही तिथेच थांबते. म्हणून निदान सात दिवस, आणि कडक उन्हात किंवा राखमिश्रित सिमेंट असेल तर दहा दिवस तरी, ओल मोडता कामा नये. त्याच्या ताकदीचा हिशेब धरतात तो 28 दिवसांचा. योगशास्त्राने अभ्यासाची तीन लक्षणे सांगितली आहेत : तो दीर्घकाळ हवा, अखंड हवा आणि आदराने हवा. स्लॅबचे पाणी म्हणजे ह्या तिन्हींचा वस्तुपाठच! एक दिवस हंडे ओतले आणि चार दिवस विसरलो, हे चालत नाही.

आता माझी चूक सांगतो. आळंदीला निघण्याच्या आदल्या रात्री आमच्या दिंडीने नव्या घरात मुक्काम करावा, तिथे माझे कीर्तन व्हावे, अशी हौस मनात धरून मी चाळीस माणसांना आमंत्रण दिले होते. स्लॅब पडून आठ दिवस झाले होते. मी मिस्त्रीला म्हणालो, “उद्या टेकू काढ. वरून वाजवून पाहिला, दगडासारखा झालाय.”

तो म्हणाला, “वरून दगड दिसतो, महाराज. खोली सोळा फुटांची आहे. चौदा दिवसांच्या आत मी टेकूला हात लावणार नाही.”

मी चिडलो. चार शब्द जास्तच बोललो. देवाचे काम आहे, असेही म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, “देवाचं काम तुम्ही जाणा. पण टेकू काढायला खाली मी आणि माझी माणसं शिरणार. आणि रात्री त्याच्याखाली चाळीस वारकरी निजणार.”

सज्जनहो, माझी मान खाली गेली. मला मंगळवेढे आठवले. 1338 साली तिथे भिंतीचे काम चालले असता ती कोसळली आणि कामावरची माणसे दगडांखाली गेली. त्यांत आमचे चोखोबा होते. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली. आम्ही दर वारीला तिथे माथा टेकतो. आणि मीच, कीर्तनात चोखोबांसाठी डोळे पुसणारा, एका गवंड्याला कच्च्या स्लॅबखाली शिरायला सांगत होतो! तेही कशासाठी? माझ्या नव्या घराचे कौतुक व्हावे म्हणून! देवाचे नाव मध्ये उगीच घेतले.

दिंडी त्या रात्री मारुतीच्या देवळात उतरली. कीर्तनाला उभा राहण्यापूर्वी मी सर्वांसमोर मिस्त्रीची क्षमा मागितली. तो बिचारा संकोचून खांबाआड गेला.

आणखी एक सांगायचे राहिले. आम्ही निघालो, पण पाणी कोण घालणार? घरची मंडळी वीस वर्षे माझ्याबरोबर पायी येत. त्या वर्षी काही न बोलता मागे राहिल्या. सकाळ-संध्याकाळ हंडे वर नेऊन आळी भरत. पंधराव्या दिवशी टेकू निघाले, मग त्या एसटीने वाखरीला येऊन आम्हांस मिळाल्या. मी म्हटले, “तुमची वाट चुकली.” त्या म्हणाल्या, “पुंडलिकाचं काम संपेपर्यंत देव विटेवर थांबलाच होता की.” मी काय उत्तर देणार?

आपणही पाहतो. नवा माळकरी वर्षभर हरिपाठ करतो, एकादशी धरतो, आणि मग म्हणतो, आता मन पक्के झाले, नियमांचे टेकू कशाला? बाबा रे, वरून वाजवून पाहू नकोस. नामाचे पाणी घालीत राहा. आणि घर बांधणाऱ्याने पाण्याचे दिवस मोजावेत, टेकूला हात लावण्यापूर्वी मिस्त्रीला विचारावे, आणि खाली कोण उभे आहे ते आधी पाहावे. तिथे चोखोबा असतो.

रामकृष्णहरी!