वानप्रस्थाचा पत्ता

सत्तरीच्या आसपासची चार माणसे एकत्र बसली की हल्ली प्रकृती आणि ठेवींचे व्याज यांच्या पाठोपाठ तिसरा विषय हमखास निघतो. येथील घर विकावे, कुठेतरी डोंगरात दोन खोल्यांची झोपडी बांधावी आणि उरलेले दिवस शांतपणे काढावेत. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात, ग्वाल्हेरच्या लष्करात, इंदूरच्या जुन्या पेठांत हे बोलणे सारखेच ऐकू येते. मुले परदेशी किंवा बंगळुरूस, वाड्याचा वरचा मजला कुलपात, देवघरातील देव संख्येने घरातल्या माणसांहून अधिक. अशा घरात कुणासाठी राहायचे, हा प्रश्न खोटा नाही. आम्हां उभयतांच्या घरीही तो गेली चार वर्षे मुक्कामाला आहे. कपाटाच्या खणात कुमाऊंमधील एका जागेचा नकाशा आणि करारनाम्याचा मसुदा पडून आहे. त्यावर अद्याप सही झालेली नाही. ती का होत नाही याचा शोध घेताना जे मनात आले ते येथे मांडीत आहोत.

या निर्णयाला आपल्याकडे एक तयार, भारदस्त नाव आहे: वानप्रस्थ. नाव भारदस्त असले की आतला माल कोणी तपासून पाहत नाही. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे की, अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि मांडीवर नातवंड दिसू लागले की गृहस्थाने अरण्याची वाट धरावी. पत्नीला मुलांच्या स्वाधीन करावे किंवा बरोबर न्यावे. गावचे अन्न सोडावे, सगळा परिग्रह सोडावा. आम्ही त्या जागेविषयी विचारलेले पहिले तीन प्रश्न मात्र असे होते: पाण्याची टाकी किती लिटरची, मोबाइलला रेंज येते काय, आणि हल्द्वानीचे इस्पितळ किती लांब. (सुमारे ७० किलोमीटर, सगळा घाटरस्ता.) हे प्रश्न विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही. सत्तरीच्या माणसाने ते विचारलेच पाहिजेत. परंतु वानप्रस्थी माणूस काही सोडीत असतो आणि आम्ही काही निवडीत होतो. चुकीचे नाव दिले की न केलेल्या त्यागाचे पुण्यही पदरात पडल्यासारखे वाटते, एवढीच आमची तक्रार आहे, आणि ती प्रथम स्वतःविरुद्ध आहे.

महाभारतातील आश्रमवासिक पर्व या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. युद्धानंतर धृतराष्ट्र पंधरा वर्षे युधिष्ठिराच्या राजवाड्यात राहिला. मान होता, सेवा होती, खाण्यापिण्यास कमी नव्हते. फक्त भीमाचे टोमणे अधूनमधून कानी पडत. अखेर तो गांधारीसह वनात जाण्यास निघाला. आता, हे जाणे वैराग्यातून होते की भीमाच्या बोलण्याला कंटाळून? व्यासांनी दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या आहेत, निवाडा दिलेला नाही. त्याहून विचार करायला लावते ती कुंती. तिला कोणी टोमणे मारले नव्हते. राज्य तिच्या मुलांचे होते. तरीही ती जाऊ-दिरांबरोबर निघाली. मुलांनी विनवण्या केल्या तेव्हा तिने सांगितले की, तुम्हांला युद्धाला उभे केले ते तुमची मानहानी थांबावी म्हणून. मुलांनी जिंकलेले राज्य भोगण्यासाठी नव्हे. आमच्या मते सबंध पर्वात खरा वानप्रस्थ कोणाचा असेल तर तो कुंतीचा. तिच्या जाण्यात रुसवा नाही. ती सेवेसाठी जाते, स्वतःच्या शांतीसाठी नव्हे. पुढे गंगाद्वाराजवळच्या अरण्यात, धृतराष्ट्राच्याच अग्निहोत्रातून पसरलेल्या वणव्यात ती तिघे गेली. गंगाद्वार म्हणजे आजचे हरिद्वार. आमच्या खणातील नकाशाच्याच राज्यात.

आधुनिक काळात हा प्रयोग कोणी पूर्णपणे करून पाहिला असेल तर तो स्कॉट आणि हेलन निअरिंग या अमेरिकन दांपत्याने. स्कॉट निअरिंग अर्थशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या मतांमुळे १९१५ साली पेनसिल्वेनिया विद्यापीठाने त्यांना दूर केले. पहिल्या महायुद्धाला विरोध केल्याबद्दल खटला झाला आणि १९१९ साली ते निर्दोष सुटले. हेलन त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, थिऑसॉफीच्या वातावरणात वाढलेली, तरुणपणी कृष्णमूर्तींच्या स्नेहातली. १९३२ साली दोघे व्हर्माँट राज्यातील डोंगरात गेली, दगडी घरे बांधली, मेपलचा पाक काढून त्यावर गुजराण केली. वीस वर्षांनी तेथे बर्फावरील खेळांसाठी येणाऱ्यांची वर्दळ सुरू होण्याची चिन्हे दिसताच त्यांनी उभे केलेले सगळे सोडले आणि १९५२ साली मेन राज्याच्या किनाऱ्यावर नव्याने सुरुवात केली. तेव्हा स्कॉटचे वय ६८ होते. ज्या वयात आपल्याकडे पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची काळजी लागते त्या वयात हा गृहस्थ नव्या राज्यात कंपोस्टचे खड्डे खणीत होता. नव्वदीच्या आसपास त्यांनी आणखी एक दगडी घर बांधायला घेतले. दगड हेलन रचीत असे, काँक्रीट स्कॉट कालवीत असे.

त्यांचे पुस्तक १९५४ साली निघाले आणि १९७० नंतर तरुणांनी ते डोक्यावर घेतले. दरसाल शेकड्यांनी, पुढे हजारांनी माणसे त्यांचे घर पाहायला येऊ लागली. एकांत शोधायला गेलेल्या माणसाच्या दारी एकांत शोधणाऱ्यांची रांग लागावी, हा विनोद आपल्या साधुसंतांच्या मठांनाही ठाऊक आहे. त्यांच्यावर टीकाही झाली. सगळा संसार काही भाजीच्या वाफ्यांवर चालला नाही, वारशाचा पैसा होता, व्याख्यानांचे मानधन होते, येणाऱ्या तरुणांचे फुकटचे श्रम होते, असे पुढे शेजारच्यांनीच लिहिले. ही टीका खरी आहे. तिने त्यांचे मोल थोडे कमी होते, नाहीसे होत नाही. स्वावलंबन कोणाचेही पूर्ण नसते. ते आहे असे सांगण्याचा मोह मात्र टाळता येतो, आणि तेथे निअरिंग दांपत्य कमी पडले असे आम्हांस वाटते.

पण त्यांची एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. व्हर्माँट सोडताना त्यांच्याजवळ शेकडो एकर जंगल होते. आजूबाजूला विकास होऊ लागल्यामुळे त्याची किंमत वाढली होती. ती वाढ आपल्या कष्टाची नाही, समाजामुळे झालेली आहे, असे म्हणून त्यांनी ते जंगल विन्हॉल गावाला देऊन टाकले. पुढे मेनमध्ये शेजारी येऊ पाहणाऱ्या तरुण जोडप्यांना जमीन दिली ती स्वतः ज्या भावाने घेतली होती त्याच भावाने. अर्थशास्त्र शिकवणारे पुष्कळ असतात. जमिनीच्या व्यवहारात ते पाळणारे आम्ही फारसे पाहिलेले नाहीत.

आता कुमाऊंकडे वळू. उत्तराखंडात बाहेरच्या माणसाने नगरपालिकांच्या हद्दीबाहेर किती जमीन घ्यावी यावर २००३ साली ५०० चौरस मीटरची आणि २००७ साली २५० चौरस मीटरची मर्यादा घालण्यात आली. २०२५ साली कायदा आणखी कडक झाला आणि हरिद्वार व उधमसिंहनगर वगळता उरलेल्या ११ जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतीची व फळबागेची जमीन घेण्यास मनाई झाली. हिमाचल प्रदेशात तर १९७२ च्या कायद्यापासूनच बिगरशेतकऱ्याला शासनाच्या परवानगीवाचून जमीन घेता येत नाही. आमच्या बैठकीत या कायद्यांचा निषेध फार जोरात होतो. भारत एक आहे, मग आम्हांला मज्जाव का? प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो. पण २०११ च्या जनगणनेत उत्तराखंडातील एक हजाराहून अधिक गावे पूर्णपणे निर्जन आढळली, हेही विसरू नये. तेथील तरुण शाळेसाठी, दवाखान्यासाठी, रोजगारासाठी खाली उतरला. त्याने ज्या उणिवांमुळे घर सोडले त्याच उणिवांना आम्ही ‘शांतता’ म्हणतो आणि वर चढतो. त्याच्या ओसाड शेताचा आमच्या हाती आलेला तुकडा पाच वर्षांनी तिप्पट किमतीला दिल्लीच्या कोणा गृहस्थाला विकला जाणार नाही, याची हमी आमच्या मुलांच्या वतीने आम्ही देऊ शकतो काय? आमचे उत्तर प्रामाणिकपणे ‘नाही’ असे आहे.

येथे आपल्यासारख्यांनी थोडे मागे वळून पाहावे. आपले पूर्वज गायकवाडांच्या, शिंद्यांच्या, होळकरांच्या पाठोपाठ या प्रांतांत आले ते पाहुणे म्हणून आले नव्हते. सत्तेबरोबर आले होते. जमिनी, वाडे, इनामे मिळाली. मूळच्या रहिवाशांना त्या वेळी काय वाटले हे कोणी विचारले नाही. पुढे पिढ्यान् पिढ्या येथेच गेल्या, येथील भाषा घरात शिरली, आमच्या घरी आमटीत गूळ जास्त पडू लागला, आणि कधीतरी हे गाव आपले झाले. ते नेमके कधी झाले? आम्ही यावर पुष्कळ विचार केला आहे. जमिनीच्या कागदाने ते झाले नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने येथे शाळा चालवल्या, ग्रंथालये उभी केली, पुरात शेजाऱ्यांच्या घरी गाळ उपसला, स्मशानात अनोळखी माणसांना खांदा दिला. त्या सगळ्या देण्यातून ते झाले असावे. तसे असेल तर सत्तराव्या वर्षी नव्या प्रांतात जाणाऱ्याची अडचण उघड आहे. देण्याचे दिवस तो मागे ठेवून जातो आणि घेण्याचे दिवस घेऊन पोचतो. पहिल्या हिवाळ्यात बर्फ पडले की लाकडे कोण आणून देणार? रात्री छातीत दुखू लागले तर घाट उतरून गाडी कोण नेणार? शेजारचा मुलगा, जर तो गावात उरला असेल तर. ज्याचे आपण काही केलेले नाही अशा माणसावर हे ऋण चढवायचे, आणि फेडण्याइतके आयुष्य हाती नाही हे माहीत असून चढवायचे, यात काहीतरी खटकते.

यावर एक उत्तर आहे आणि ते हलके नाही. येथे राहिलो तरी कोणावर तरी भार होणारच. म्हातारपण म्हणजेच न फेडता येणारे ऋण. गाव कोणतेही असो. शिवाय येथे ज्यांचे आम्ही काही केले ती माणसे तरी कुठे उरली आहेत? बाजूच्या वाड्याच्या जागी सहा मजली इमारत आहे आणि तिच्यातील कोणालाही आमचे नाव ठाऊक नाही. त्या हिशेबाने आम्ही घराबाहेर न पडताही परगावी येऊन पोचलो आहोत. हा युक्तिवाद आमचाच आहे, आणि काही दिवस तो आम्हांला पूर्ण पटलेला असतो.

मग घरातून दुसरा प्रश्न आला. नकाशा पाहता पाहता सौभाग्यवतींनी विचारले, “अहो, तिथे स्वयंपाक कोण करणार?” आम्ही म्हटले, “दोन माणसांचा तो स्वयंपाक कितीसा!” त्या म्हणाल्या, “इथेही दोनच माणसे आहोत. इथे मावशी येतात, कोपऱ्यावर पोळीभाजी मिळते. तिथे तुम्ही डोंगर पाहणार आणि मी तुमच्या चहाला दूध कुठून आणायचे ते पाहणार. निवृत्ती कोणाची व्हायची आहे?”

शास्त्रकारांनी हा प्रश्न पत्नीला मुलांकडे ठेवा किंवा बरोबर न्या एवढ्यावर सोडवला. तिला विचारा असे लिहिले नाही. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य घर सोडताना मैत्रेयी आणि कात्यायनी यांच्यात मालमत्तेची वाटणी करू म्हणतो. मैत्रेयीने जे विचारले त्यावर तत्त्वज्ञान उभे राहिले. कात्यायनी काही बोलल्याची नोंद नाही. घर कोणीतरी चालवीत होते म्हणूनच ते सोडण्याची भाषा दुसऱ्याला करता आली, हे मात्र त्या मौनात ऐकू येते. हेलन निअरिंग या बाबतीत चतुर निघाली. तिने १९८० साली पाककृतींचे पुस्तक लिहिले ते चुलीपाशी कमीत कमी वेळ जावा याच हेतूने. कच्च्या भाज्या, फळे, एक लाकडी वाडगा, उष्टी भांडी जवळजवळ नाहीत. झोपडीतले साधे जगणे पुरुषाला सोपे वाटते, कारण त्याच्या साधेपणाची तयारी बहुधा दुसरे कोणी तरी करीत असते; हेलनने ती तयारीच रद्द केली. आमची मात्र दुपारी आमटी-भाताशिवाय बैठक बसत नाही. म्हणजे वानप्रस्थाची पहिली पायरी डोंगरात नसून आमच्या ताटात आहे, आणि ती आम्ही चढलेलो नाही.

शेवटचा भाग मरणाचा. स्कॉट निअरिंगने शंभरीला पोचताना अन्न हळूहळू बंद केले आणि ऑगस्ट १९८३ मध्ये, शंभर वर्षे पूर्ण झाल्यावर काही दिवसांनी, घरीच देह ठेवला. त्याआधी नऊ महिने, १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, पवनारला विनोबांनी अन्न, पाणी, औषध सोडून तसाच देह ठेवला होता. दोघेही जनावरांच्या कष्टावाचून, हाताने शेती करण्याचा आग्रह धरणारे. पवनारची ऋषिशेती आणि मेनमधील वाफे यांत नाते दिसते. पण विनोबांची दिशा उलटी आहे. वडोदऱ्यात शिकलेला हा मुलगा १९१६ साली घर सोडून काशीला गेला तो विशीत. त्यांनी अरण्य तरुणपणीच गाठले आणि १९५१ साली, पंचावन्नाव्या वर्षी, पवनारची झोपडी सोडून पायी तेलंगणात गेले. भूदानाची यात्रा सुरू झाली ती त्यातूनच, आणि तेरा वर्षे ते चालत राहिले. ज्या वयात आपण आत शिरायची जागा शोधतो त्या वयात ते बाहेर पडले. दोघांच्याही शेवटच्या दिवसांत भोवती माणसे होती, आणि ती माणसे त्यांनी आधीच्या वर्षांत मिळवलेली होती. स्कॉटनंतर हेलन त्या घरात आणखी बारा वर्षे राहिली. आमच्यापैकी एक गेल्यावर त्या कुमाऊंच्या घरात दुसऱ्याचे काय, हा प्रश्न आम्ही दोघांनीही अजून एकमेकांना मोठ्याने विचारलेला नाही.

दलालाचा परवा फोन आला होता. जागेला दुसरे गिऱ्हाईक आहे, पंधरा दिवसांत काय ते कळवा म्हणाला. आम्ही फोन सौभाग्यवतींच्या हाती दिला. त्यांनी त्याला विचारले की, त्या गावात बालवाडी आहे काय, आणि असल्यास तिला शिकवणारे कोणी आहे काय. तो चौकशी करून सांगतो म्हणाला आहे.