ओळखीचा धर्म

वाळूज एमआयडीसीत माझं जिग-फिक्स्चरचं छोटं वर्कशॉप आहे. उद्योजकांच्या बैठकांना जातो, कार्डं देतो-घेतो. कामापुरती जोडलेली ओळख धर्माला धरून असते का, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

उत्तर मला कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्यात सापडलं. दोन हजार वर्षांहून जुन्या या बौद्ध लेण्यांच्या चैत्यगृहात एका खांबावर ब्राह्मी अक्षरं कोरली आहेत: पैठणच्या गांधी, म्हणजे अत्तर-सुगंधाचा व्यापार करणाऱ्या कुळातल्या मितदेवाचं दान. दुसऱ्या खांबावर पैठणच्याच संघकाच्या मुलांचं नाव. व्यापाऱ्यांनी दान दिलं, भिक्खूंनी उपदेश. देणाऱ्यांना पुण्य हवं होतं, कदाचित नावलौकिकही. पण त्या दानातून जे उभं राहिलं, ते सगळ्यांच्या उपयोगी पडलं.

कल्याणमित्र, म्हणजे आपलं भलं चिंतणारा सोबती, लाभणं हा धर्ममार्गाचा अर्धा भाग नव्हे, तर संपूर्ण मार्गच आहे, असं बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला सांगितलं होतं. ओळखीमागे हेतू असण्यात पाप नाही. त्या हेतूत समोरच्याचं भलं नसणं, हे पाप आहे. म्हणून नवा माणूस भेटला की आधी त्याची अडचण विचारा. ऑर्डरचं नंतर बोला.