दाराची कडी

बदलीच्या गावी वृद्ध आईवडिलांना आणल्यावर आम्हां परप्रांतस्थ नोकरदारांपुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांतील एक चंडीगडात विशेष अवघड होतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला साताऱ्याच्या पेठेत पावलेच घरी आणून सोडतात. वाट चुकली तर कोणी ओळखीचा हात धरतो. येथे ल कॉर्बूझिए याने आखलेले सेक्टर सुमारे १२०० मीटर लांब नि ८०० मीटर रुंद, त्यांची ओळख आकड्यांची, आणि एक चौक दुसऱ्यासारखा. आकडेच ज्याच्या मनातून निसटले त्याने घर कसे शोधावे? विचारावे तरी कोणत्या भाषेत? म्हणून आपण दाराला कडी घालतो. तिला निर्दय म्हणणे सोपे आहे; जूनच्या उन्हात हरवलेल्या म्हाताऱ्याची कल्पना ज्याने केली, तो तसे म्हणणार नाही.

चालण्याने स्मृती परत येते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. इंग्लंडात ४९४ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. नेटाच्या व्यायामाने शरीराची ताकद वाढली, बुद्धीची घसरण काही थांबली नाही. मग फिरवायचे कशासाठी?

येथे आमची कारकुनी बुद्धी आडवी येते. ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही, असे मानण्याची तिला सवय. १९५८ साली बांध घालून झालेल्या सुखना तलावाच्या काठी सकाळी नेलेले वडील दुपारी म्हणतात, "मला कोणी बाहेर नेत नाही." श्रम वाया गेलेसे वाटतात. पण कोणाच्या हिशेबी? शिवालिकाच्या टेकड्या समोर होत्या, पायांना जुनी लय सापडली होती. तेवढा अर्धा तास तो माणूस कोणाचा रुग्ण नव्हता. पुढे आठवला नाही म्हणून तो अर्धा तास खोटा ठरत नाही. तान्ह्या मुलाला आपले खेळवणे लक्षात राहत नाही, तरी आपण खेळवतोच. (वृद्धाला मूल समजावे, असा मात्र याचा अर्थ नव्हे, कोणत्या वाटेने जायचे हे त्यालाच ठरवू द्यावे.)

तेव्हा कडी काढावी, ती बरोबर चालण्यासाठी. त्यांच्या खिशात हिंदीत वा पंजाबीत लिहिलेला पत्ता असावा, हे ओघानेच आले. अडते ते वेळेपाशी, आणि तो वेळ बहुधा सुनेच्या वाट्याचा धरला जातो. पितृसेवेची थोरवी सांगणारे चिरंजीव त्या वेळी कचेरीत असतात. रविवारचा फेरफटका त्यांचा नि उरलेला आठवडा तिचा, ही वाटणी आम्हांला न्याय्य वाटत नाही.