बिरड्याच्या सणाची बावीस अक्षरे

डोळे मिटून कर्जतहून खोपोलीच्या गाडीत बसल्याची कल्पना करा. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. रोज जाणाऱ्याला ही नावे आठवावी लागत नाहीत. एक आले की पुढचे आपसूक ओठांवर येते आणि मधले एखादे गळाले की चटकन कळते. हा क्रम मनात एकदा म्हणा. घाई नको.

आता दुसरा क्रम घ्या. आलेफ, बेथ, गिमेल, दालेथ, असे करत तावपर्यंत. हिब्रूची ही बावीस अक्षरे. ज्यांना पोथी जवळ बाळगता येत नव्हती, कदाचित त्यांच्यासाठीच जुन्या हिब्रू कवींनी या अक्षरांवर काव्ये बांधली. बायबलमधल्या ११९व्या स्तोत्रात प्रत्येक अक्षराने सुरू होणारी आठ-आठ वचने आहेत, एकूण १७६. मोरोपंतांच्या रामायणांतली अक्षरांची बांधणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही मेहनत परकी वाटणार नाही.

हे वाचताना आपल्या रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल ज्यूंना मनात आणा. परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. वाचली ती सात जोडपी. पोथ्या समुद्रात गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या ते घाण्यावर तेल गाळत राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवत राहिले, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. हिब्रू विसरली, पण ‘शेमा’ ही प्रार्थना तोंडी राहिली. सुंता असो की लग्न, तीच म्हणायची. इथे जरा थांबा. सारे ग्रंथ हातातून गेल्यावर तुमच्या तोंडी काय उरेल? उत्तर लगेच देऊ नका.

अक्षरे त्यांच्याकडे पुन्हा आली. १८३२ साली मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. खालापूरच्या शेजारी पनवेलला १८४९ सालचे बेथ एल सिनेगॉग आहे.

हिब्रू आव महिन्याच्या नवव्या दिवशी यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळतात. हा दिवस बहुधा आपल्या आषाढ-श्रावणात येतो. बेने इस्राएलांच्या मराठीत त्याला बिरड्याचा सण म्हणतात. बिरडे म्हणजे मोड आणून सोललेल्या वालाची उसळ. भात कापल्यावर कर्जत-खालापूरच्या शेतांत ओलीवर पेरला जातो, तोच हा वाल. भिजवायचा, मोड आणायचे, मग एकेक दाणा बोटांनी सोलायचा. जगभरच्या ज्यूंच्या शोकाला कोकणातल्या या एका समाजाने आपल्या चुलीवरचे नाव दिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तुम्हीही वाटीभर मोड आलेले वाल घेऊन बसा. हात सोलत राहू देत. या शोकाच्या दिवशी बायबलमधले विलापगीत वाचतात. त्यातली पाच काव्ये आपण सावकाश पाहू.

पहिल्यात बावीस कडवी आहेत, आलेफपासून तावपर्यंत, एकही अक्षर न गाळता. नगर उजाड आहे, रस्ते ओस आहेत, आणि तरी कवी पुढचे अक्षर शोधतो. शोक अनावर झाला की मनाला पुढचे काही सुचत नाही. जिभेला मात्र माहीत असते की आलेफनंतर बेथ येते. मला वाटते, अक्षरक्रम इथे पाठांतराच्या सोयीपेक्षा मोठे काम करतो. तो माणसाला पुढच्या वचनापर्यंत नेतो. श्वास घ्या. तुमच्या मनात जे दुःख असेल, त्याला एक पहिले अक्षर द्या. फक्त पहिले.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या काव्यात ‘पे’ हे अक्षर ‘आयिन’च्या आधी येते. पहिल्यात आयिन आधी होते. जुन्या काळी दोन्ही क्रम चालत असावेत. तेव्हा पाठ करताना क्रम उलटा लागला तर घाबरू नका. दोन्ही अक्षरे जागेवर आहेत ना, एवढे पाहा.

तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन वचने आहेत, म्हणजे सहासष्ट. आशेचे बोल नेमके इथे, मध्यावर येतात. इथे सर्वांत जास्त वेळ बसा. एक वचन निवडा. आज एवढेच पाठ करा, उद्या त्याला पुढचे जोडा.

चौथ्यात कडवी आखूड होतात. उपासमारीचे वर्णन आहे, शब्दही कमी पडल्यासारखे. वाल सोलणारे बोट थांबले तर थांबू द्या.

पाचव्यात वचने बावीसच आहेत, पण अक्षरक्रम नाही. पुढचे अक्षर हात धरून नेणार नाही. मोजणी तेवढी उरली आहे. आधीची चार पाठ असतील तर हे पाचवे म्हणताना तो अभाव जिभेलाच कळतो. एकेक वचन मोजत जा. बाविसावे वचन देवाच्या कोपाचे आहे, आणि सिनेगॉगमध्ये वाचन तिथे संपवत नाहीत. एकविसावे, परत घेऊन ये म्हणणारे, सगळे मिळून पुन्हा म्हणतात. तुम्हीही तेच पुन्हा म्हणा, आणि मग बिरडे चुलीवर चढवा.