राहून गेले

मराठी भाषेत एक मोठे सोयीचे क्रियापद आहे. ‘पत्र लिहायचे राहून गेले’, ‘आजाऱ्याला भेटायला जायचे राहून गेले’, ‘देणे द्यायचे राहून गेले’ असे आपण सहज म्हणतो. या वाक्यांत कर्ता शोधू जावे तर तो सापडत नाही. जत्रेत आईचे बोट सुटून मूल मागे राहावे, तसे ते काम जणू आपल्याआपण मागे राहिलेले असते. कोणी ते टाकलेले नसते. ‘गाडीचे तेल बदलायचे राहून गेले’ हे वाक्य काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत उच्चारले. व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष होते. नीतीच्या दृष्टीने ते कसे होते, हा प्रश्न तेव्हापासून आमची पाठ सोडीत नाही.

मोटारीची निगा हा धर्मगुरूच्या चिंतनाचा विषय नव्हे, असे काही वाचकांना वाटेल. सेमिनरीत असताना आम्हालाही तसेच वाटले असते. परंतु नीतिशास्त्राचे जे प्रश्न तेथे आम्ही लॅटिन संज्ञांसह पाठ केले, त्यांतला एक आम्हाला खऱ्या अर्थाने भेटला तो एका गॅरेजच्या तेलकट फरशीवर.

आमच्या धर्मग्रामाकडे डिझेलवर चालणारी एक जुनी गाडी होती. आजाऱ्यांना इस्पितळात नेणे, वाडीतल्या कपेलात मिस्सासाठी जाणे, सणाच्या वेळी खुर्च्या आणि मेणबत्त्यांची खोकी वाहणे अशी तिची कामे. सकाळची मिस्सा आटोपली की चालक ती धुवायला घेई. नळी लावायची नाही, दोन बादल्यांत भागवायचे, अशी आमची ताकीद होती. वसईच्या विहिरींचे पाणी टँकर भरभरून जाताना आम्ही पाहिले आहे. तेथे गाडीवर पाण्याचा फवारा सोडणे आम्हाला सोसत नसे. तो बिचारा दोन बादल्यांतही तिला आरशासारखी करी. ‘फादर, गाडी कशी नवीन ठेवलीय!’ असे लोक म्हणत, आणि ते कौतुक आम्ही संकोच न करता स्वीकारीत असू. बॉनेट उघडून तेलाची पट्टी काढून पाहावी, हे मात्र आम्हा दोघांपैकी कोणाच्याही मनात आले नाही.

ऑगस्टमधल्या एका रात्री अकराच्या सुमारास एका वृद्ध बाईंच्या छातीत दुखू लागले. त्यांचा मुलगा धावत आला. आम्ही स्वतः सोबत निघालो. अर्धी वाट सरली नसेल, तोच चालकासमोर झारीचे चित्र असलेला तांबडा दिवा लागला. ‘फादर, थांबायला पाहिजे, ऑईलचा लाईट आहे,’ तो म्हणाला. आम्ही म्हटले, ‘थांबू नकोस, चल.’ या प्रकरणातल्या आमच्या साऱ्या वागण्यापैकी एवढ्या एका निर्णयाचा आम्हाला आजही पश्चात्ताप नाही. माणूस आणि इंजिन यांत निवड करण्याची पाळी आली तर ती तशीच करावी. पण तो दिवा लागतो तेव्हा तेलाचा दाब आधीच गेलेला असतो. किलोमीटरभर अंतर गेल्यावर खडखडाट झाला आणि गाडी भर पावसात जागच्या जागी बसली. रिक्षा मिळून इस्पितळ गाठेपर्यंत चाळीस मिनिटे जास्त गेली. बाई तिसऱ्या दिवशी वारल्या. त्या चाळीस मिनिटांनी काही फरक पडला नसता, असे डॉक्टरांनी आम्हाला सांगितले. ते खरे असेल. आम्हाला धीर यावा म्हणूनही त्यांनी तसे म्हटले असेल. आम्ही पुन्हा विचारले नाही.

मेकॅनिकने चेंबर खोलून दाखवला. तेल असे आत फारसे उरलेच नव्हते. होते ते डांबरासारखे. तेल ओढून घेणारी जाळी त्या गाळाने बुजली होती, बेअरिंगे घासून गेली होती. आम्ही म्हटले, ‘अहो, पण गाडी चाललीय किती? तीन वर्षांत सहा हजार किलोमीटरसुद्धा नाही.’ तो म्हणाला, ‘फादर, कमी चालली म्हणूनच तर गेली.’

त्याने जे समजावले ते आम्ही नंतर पडताळून पाहिले. इंजिनातले तेल केवळ वंगण नसते. ते उष्णता वाहून नेते, काजळी आणि धातूचा बारीक कीस स्वतःत धरून ठेवते, जळणातून तयार होणारी आम्ले निष्प्रभ करते. आणि त्यासाठी त्यात मिसळलेली द्रव्ये हळूहळू खर्ची पडतात. लांबच्या प्रवासात इंजिन पुरेसे तापते व आत जमलेली ओल उडून जाते. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते धड तापतच नाही. ओल तेलात मिसळते, काजळीशी तिचा संग होतो आणि गाळ बनतो. म्हणूनच गाडी बनवणारे अशा तुटक, थोड्या-थोड्या वापराची गणना कठीण वापरात करतात. रंगावरूनही काही कळत नाही. डिझेलच्या गाडीत नवे तेल थोड्याच दिवसांत काळे पडते, कारण काजळी उचलणे हे त्याचे कामच असते.

आजच्या पुष्कळ गाड्यांच्या पुस्तिकेत ‘१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी घडेल ते’ अशा अर्थाचे वाक्य असते. आकडे वेगळे असतील, पण आमच्या पुस्तिकेतही ते होते. आम्ही त्याचा पहिला अर्धा भाग वाचला होता. अर्धे वाक्य वाचून निश्चिंत होण्याची खोड आम्हाला प्रवचन करताना नेहमी दुसऱ्यांतच दिसत आली आहे.

कोणतीही कृती न करता पाप घडू शकते काय, असा प्रश्न संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिए’त विचारला आहे. त्याच ग्रंथात पुढे पहाटेच्या प्रार्थनेला न उठलेल्या माणसाचे उदाहरण येते. त्याचा दोष नेमका केव्हा घडला? रात्री तो झोपला तेव्हा नव्हे, असे संत थॉमस म्हणतात. कारण कोणी त्याला बळेच उठवून प्रार्थनेला नेले असते, तर चूक झालीच नसती. झोप हे चुकीचे कारण. चूक घडते ती प्रार्थनेची वेळ येते तेव्हा.

विद्यार्थिदशेत हे उत्तर आम्हाला पूर्ण वाटले होते. आता त्यातली एक अडचण दिसते. पहाटेच्या प्रार्थनेला घंटा असते. तेलाला कोठली? आज बदलले नाही तर उद्या बदलता येते, आणि आज न बदलल्याने आजच्या दिवसात काहीच बिघडत नाही. तीन वर्षांतला कोणताही एक दिवस उचलून घ्यावा, तो निरपराधच निघतो. सर्व निरपराध दिवसांची बेरीज मात्र त्या रात्री रस्त्यावर बंद पडली. अशा दोषाला विवेकबुद्धी धरू शकत नाही, कारण धरायला तिला घटना लागते. रात्री आत्मपरीक्षणाला बसलेला माणूस दिवसभरात घडलेले आठवू पाहतो. न घडलेले त्याला कसे आठवावे? मिस्साच्या आरंभी आपण सर्वजण विचार, शब्द आणि कृती यांबरोबर कर्तव्यात केलेल्या कसुरीचीही कबुली देतो. छातीवर हात मारताना आमच्या मनात त्यापैकी कृतीच असे. शेवटचा भाग ओठांवरून निघून जाई.

तेव्हा पुस्तिकेतला तो आकडा म्हणजे काय, याचा आम्ही बराच विचार केला. १०,००१व्या किलोमीटरला इंजिन बंद पडत नाही. आकडा निसर्गाने दिलेला नाही, माणसांनी बसून ठरवलेला आहे, आणि म्हणून तो मनमानी वाटतो. परंतु त्याची थोरवी आम्हाला तेथेच दिसते. ज्या कर्तव्याला स्वतःची वेळ नाही, त्याला तो वेळ नेमून देतो. जेथे घंटा नव्हती तेथे टांगतो. त्यामुळे निदान ‘आज चुकले’ असे म्हणता तरी येते.

आकड्याची भक्ती करावी, असे मात्र आम्ही म्हणत नाही. पूर्वीच्या खनिज तेलांच्या काळात बसलेला ५,००० किलोमीटरचा हिशेब आजही काही गॅरेजांत सर्वांना सरसकट सांगितला जातो, आणि भित्रे गिऱ्हाईक तो मानते. चांगले तेल अकाली ओतून देण्यात पुण्य नाही. २०१६च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा ठरतो, तरी ते गटारात ओतताना आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. शिवाय दोन बदलांच्या मधल्या काळात तेल किती उरले, हे आकडा सांगत नाही. त्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी पट्टी काढावी, पुसावी, पुन्हा घालून बाहेर काढावी आणि दोन खुणांमध्ये तेल आहे की नाही ते पाहावे लागते. याला दोन मिनिटे पुरतात.

२०१८च्या जानेवारीत, म्हणजे या घटनेनंतर दोनेक वर्षांनी, कॅनडातील ओंटारिओ प्रांतात वसईहून गेलेल्या एका कुटुंबाकडे आमचा मुक्काम होता. तेथे रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून मीठ पसरतात. त्या प्रांतातील गॉडरिच येथे लेक ह्युरॉनच्या तळाखाली मिठाची अवाढव्य खाणच आहे. यजमानांची गाडी मिठाच्या पांढुरक्या थराने इतकी मळलेली असे, की आमच्या चालकाने ती पाहून मान फिरवली असती. तरी दर आठ-दहा दिवसांनी, पारा शून्याच्या वर आला की, ते ती धुवायला नेत. पाण्याच्या धारा जमिनीतून वर, गाडीच्या पोटावर उडत. तासाभरात गाडी पुन्हा तशीच मळे. आम्हाला हसू आले. ते म्हणाले, ‘फादर, वरचं राहू दे. मी खालून धुवायला येतो.’ गोठलेले मीठ फारसे काही करत नाही, उबदार गॅरेजात ते वितळले की लोखंड खाऊ लागते. म्हणजे गाडीला प्रेमाने उबेत ठेवणाऱ्यानेच ती अधिक धुवायला हवी. मग त्यांनी ब्रेकच्या नळ्या कोठून जातात ते दाखवले, आणि मागच्या बाकावरच्या आपल्या मुलींकडे पाहिले. दाराच्या रबराच्या कडा गोठून चिकटू नयेत म्हणून त्या त्यांनी फडक्याने कोरड्या केल्या आणि आम्ही निघालो. भाईंदर-वसईच्या मिठागरांशेजारी वाढलेल्या आम्हाला मीठ लोखंडाचे काय करते हे कोणी परदेशात शिकवायला नको होते.

यंत्राचे आपण काही देणे लागतो काय, असे कोणी विचारील. आम्हाला तसे वाटत नाही. लोखंडाप्रति कृतज्ञता ही कवीची गोष्ट झाली. देणे असते ते पुढे त्या गाडीत बसणाऱ्या माणसाचे. आणि तो कोण असेल हे देणे फेडण्याच्या दिवशी ठाऊक नसते. त्या वृद्ध बाई धडधाकट होत्या, बाजारात वाल आणि वेलची केळी विकत होत्या, तेव्हापासून आम्ही त्यांचे ते तेल देणे लागत होतो.

आता बैठकीविषयी. ‘राहून गेले’ असे आम्ही म्हटल्यावर एका सभासदाने विचारले, हे काम कोणाचे होते? चालक दारापाशी उभा होता. ‘माझं चुकलं,’ तो म्हणाला. गाडीची पुस्तिका आमच्या टेबलाच्या खणात होती, सर्व्हिसचे पैसे मंजूर करणे आमच्याकडे होते, आणि आम्ही गप्प राहिलो. इतिवृत्तात चालकाच्या दुर्लक्षाची नोंद झाली. तेल न बदलण्याला दिवस नव्हता. या गप्प राहण्याला होता. रविवार, संध्याकाळचे पावणेआठ.

कॅनडाहून परतल्यावर पहिल्याच बैठकीत आम्ही ती नोंद दुरुस्त करून मागितली. सचिवबाईंनी वही उघडून विचारले, ‘फादर, काय लिहू?’ आम्ही सांगितले, ‘लिहा, गाडीच्या देखभालीची जबाबदारी प्रमुख धर्मगुरूंची होती व ती पार पाडली गेली नाही.’ बाई शाळेत तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी वाक्य लिहिले, वाचून पाहिले, शेवटचे शब्द खोडले आणि आम्हाला न विचारता ‘ती त्यांनी पार पाडली नाही’ असे करून वही सहीसाठी पुढे केली.